मदत हवी आहे: रक्तपेढी शेजारी असताना तांबड्या पेशी लॅबमध्ये कशाला वाढवायच्या?

होटगीरोडकर:

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. येत्या गुरुवारी सेमिनार आहे आणि विषय मीच हौसेने मागून घेतलाय: लॅबमध्ये वाढवलेल्या तांबड्या पेशी वापरून मलेरियाचा परजीवी पेशीत कसा शिरतो याचा अभ्यास.

परवा वर्गात रंगीत तालीम झाली आणि तिसऱ्याच स्लाइडला गाडी अडली. सर म्हणाले, "अगं, चार पावलांवर रक्तपेढी आहे. एका पिशवीत अब्जावधी पेशी मिळतात. मग तीन-तीन आठवडे खपून हे लोक पेशी कशाला पिकवत बसलेत?" मी म्हटलं, "सर, त्या जास्त शुद्ध असतात." वर्गात हशा. उत्तर चुकलंय हे मला बोलता बोलताच कळलं होतं, पण तोंडातून गेलेलं परत कसं घेणार?

मला कळलेलं एवढंच: मेरोझॉइट (परजीवीचं पेशीत शिरणारं रूप) तांबड्या पेशीला चिकटतो, गोल फिरून टोक तिच्याकडे करतो आणि मिनिटभरात आत जातो. पेशीच्या अंगावरची काही प्रथिनं त्याला दार उघडून देतात. पण दार कुठलं हे ठरवायला साधं रक्त का चालत नाही? शिवाय एक प्रथिन काढल्यावर परजीवी शिरला नाही, तर ती पेशीच मुळात आजारी नव्हती हे कशावरून? हा दुसरा प्रश्न सर गुरुवारी विचारणारच. कृपया सोप्या भाषेत सांगा, उन्हाने डोकं आधीच तापलंय.

नव्या_पेठेतला:

ताई, मला वाटलं हे रक्तदान बंद होणार त्याबद्दल आहे. व्हॉट्सॲपवर फिरत होतं ना, इंग्लंडात लॅबमधलं रक्त माणसाला चढवलं म्हणून?

पेशीपाल:

ते २०२२ सालचं. तिथल्या चाचणीत ५ ते १० मिली, म्हणजे चमचा-दोन चमचे पेशी दिल्या होत्या. रक्तदान चालू ठेवा. :)

होटगीरोडकर, तुमच्या सरांचा प्रश्न रास्त आहे. मी पुण्यात पेशी वाढवण्याच्याच कामात आहे, मलेरियावर नाही, पण तांबड्या पेशींशी रोजचा संबंध.

रक्तपेढीतली तांबडी पेशी म्हणजे नकाशा हरवलेलं घर. तिच्यात केंद्रक नाही, डीएनए नाही. क्रिस्परची, म्हणजे डीएनए कापायची, कात्री घेऊन गेलात तर कापायचं काय? म्हणून मागे जावं लागतं, जिच्यात केंद्रक अजून शाबूत आहे त्या मूळपेशीपर्यंत. तिथे हवी ती जीन काढायची किंवा दाबायची, मग तिला हळूहळू तांबडी व्हायला लावायचं. शेवटी ती केंद्रक बाहेर टाकते आणि हातात येते अशी पेशी, जिच्या अंगावर ते एक प्रथिन नाही आणि बाकी सगळं जागच्या जागी आहे.

साध्या रक्तावर काम झालंच नाही असं म्हणू नका, सर पकडतील. न्युरामिनिडेज, ट्रिप्सिन अशी एन्झाइमं लावून लोकांनी बरंच शोधलंय. पण न्युरामिनिडेज सियालिक ॲसिड नावाची साखर सगळ्याच प्रथिनांवरून उडवतं. भिंतीचा रंग खरवडायला गेलात आणि दारावरची पाटीही गेली, तसं.

दुसरी वाट दुर्मिळ रक्तगटाच्या माणसांची. बॉम्बे गट आपल्याला माहीत असतो, १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेला. तसेच कुणाच्या पेशीवर अमुक प्रथिन जन्मतःच नसतं. डफी नावाचं प्रथिन नसलेल्या लोकांना व्हायव्हॅक्स जातीचा मलेरिया सहसा होत नाही, हे १९७०च्या दशकात असंच कळलं. पण प्रत्येक प्रथिनासाठी असा माणूस कुठून आणायचा?

२०१५ मध्ये मूळपेशींची आणि दुर्मिळ रक्तगटाची अशा दोन वाटा एकत्र आल्या. मूळपेशींमध्ये एकेक जीन दाबून तांबड्या पेशी तयार केल्या, तेव्हा फाल्सिपेरमला, म्हणजे सर्वात घातक मलेरियाच्या परजीवीला, सीडी५५ नावाचं प्रथिन लागतं असं दिसलं. मग इनाब नावाच्या अतिदुर्मिळ रक्तगटाच्या पेशी तपासल्या. त्यांच्यावर सीडी५५ नसतंच. परजीवी त्यांनाही नीट चिकटू शकला नाही. ही स्लाइड जरूर घाला.

होटगीरोडकर:

अहाहा, "कापायचं काय" हे सरांना असंच्या असं सांगते. पण माझा दुसरा प्रश्न राहिला ना दादा, पेशी आजारी असण्याचा?

पेशीपाल:

राहिला नाही, जेवायला गेलो होतो.

उत्तर आहे: काढलेलं परत घालून बघायचं. ब्रिस्टलमध्ये बेल-ए नावाची एक पेशीरेषा तयार केलीय. तिच्या अपक्व पेशी वाढतच राहतात, त्यामुळे दर वेळी नवा दाता शोधायला लागत नाही. (गंमत म्हणजे त्यांना वाढत ठेवायला डॉक्सिसायक्लिन घालतात, तीच आपली गोळी, मलेरियावरही देतात ती. पेशी परिपक्व करताना काढून घेतात.) २०१९च्या कामात याच पेशींतून बॅसिजिन नावाचं प्रथिन काढलं. परजीवीचं आरएच५ प्रथिन या बॅसिजिनला धरतं हे २०११ मध्येच कळलं होतं. बॅसिजिन गेलं, शिरकाव थांबला. परत घातलं, शिरकाव सुरू. पेशीच आजारी असती तर एवढ्याने बरी कशी झाली असती? मग बॅसिजिनचं पेशीच्या आतलं शेपूट कापून उरलेलं परत घातलं, तरी परजीवी आत गेला. म्हणजे शेपटाचं इथे काम नाही. साध्या रक्तावर ही शेपटाची गोष्ट तुम्ही कशी तपासणार होतात?

आणि तुलना कधीही रक्तपेढीच्या रक्ताशी करू नका. लॅबमधून निघतात त्या कोवळ्या पेशी, रेटिक्युलोसाइट. तुलना त्याच तऱ्हेने वाढवलेल्या, पण जीन न काढलेल्या पेशींशी.

भिंगवाले_काका:

मी जन्मभर जिम्साच्या रंगाने रंगवलेल्या रक्ताच्या स्लाइडी बघितल्या, त्यातलं एक सांगतो पोरी. आपल्या नेहमीच्या रक्तात तांबड्या पेशीत डीएनए नसतो, म्हणून आत जांभळा ठिपका दिसला की परजीवीचा संशय घ्यायचा. मशीनसुद्धा डीएनएचा रंग लावून तसंच मोजतं. पण लॅबमधल्या सगळ्याच पेशी केंद्रक टाकत नाहीत म्हणे. मग राहिलेलं केंद्रक मशीनला परजीवी वाटणार नाही का? सर इथेही अडवतील.

पेशीपाल:

काका, अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. म्हणून आधी पांढऱ्या पेशी अडवणाऱ्या फिल्टरमधून गाळतात. केंद्रकवाल्या मागे राहतात, मऊ लवचिक पेशी खाली उतरतात. तरी खात्रीसाठी डोळ्याने मोजणं आलंच.

होटगीरोडकर:

दोघांनाही दंडवत. तिसरी स्लाइड काढून टाकली. "जास्त शुद्ध" शब्दही काढला. काका, तुमच्याकडे फाल्सिपेरमची जुनी स्लाइड असेल तर फोटो मिळेल का? आमच्या कॉलेजातल्या इतक्या फिकट झाल्यात की सरांना डाग वाटतील.

भिंगवाले_काका:

उद्या सकाळी मोबाइल आयपीसला लावून काढतो, दुपारी हात घामेजतात. पण रिंगच, म्हणजे परजीवीची कोवळी अवस्था, मिळेल हो, शायझॉन्ट, म्हणजे पिकलेली अवस्था, मागू नकोस. फाल्सिपेरमचा शायझॉन्ट आतल्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून बसतो, बोटाच्या थेंबात क्वचितच येतो. एका पेशीत दोन रिंगा असलेली एक आहे, ती देतो.