पायलटच्या बढतीत तारीख बघायची की हात बघायचा?

अनगोळकर

विमान कंपनीत कॅप्टन कोण होणार हे मुख्यतः तो नोकरीला कधी लागला त्यावर ठरतं. अमेरिकेत तर याची हद्द झालीय. रुजू व्हायच्या तारखेवरून यादीत नंबर पडतो आणि कुठलं विमान, कुठलं शहर, सणाला सुट्टी की ड्युटी, सगळं त्या नंबरावर. मंदी आली की तळाचे आधी घरी. वीस वर्षं कॅप्टन म्हणून उडवलेला माणूस कंपनी बदलून गेला की तिथं शेवटचा नंबर. आपल्याकडे एवढं कडक नाही, पण कमांड, म्हणजे कॅप्टनपद, देताना रांग असतेच.

माझा भाचा एका कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट, आहे. तास पुरे, एटीपीएल (कॅप्टन व्हायला लागणारं लायसन्स) हातात, सिम्युलेटर चेकला कधी अडकला नाही. त्याच्या आधी लागलेला एक जण कमांड ट्रेनिंगमधून परत पाठवला गेला, तरी पुढच्या खेपेला नंबर त्याचाच आधी. हे कसलं शहाणपण? आमच्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत मोल्डर (साचे करणारा कारागीर) चांगला असला तर मालक त्याला वर घेतो, हजेरीपटावरची वर्षं मोजत बसत नाही. शंभर-दोनशे माणसं मागं बसवून उडवायचं काम, आणि निकष काय, तर तारीख!

कंग्राळीचे सुभेदार (निवृत्त)

अनगोळकर, मालक कुणाला वर घेतो ते आम्हीपण बघितलंय. चांगला मोल्डर आणि मालकाचा मोल्डर हे दोन वेगळे असतात.

फौजेत दोन्ही प्रकार आहेत. अधिकाऱ्यांना लेफ्टनंट कर्नलपर्यंत वर्षं भरली, परीक्षा झाल्या की रँक मिळते. कर्नलपासून पुढं सिलेक्शन बोर्ड. बोर्डापुढं काय जातं? वरच्या साहेबांनी वर्षानुवर्षं लिहिलेले रिपोर्ट. जोवर रँक वेळेवर मिळणार असते तोवर माणूस साहेबाला तोंडावर "नाही जमणार" म्हणतो. बोर्ड जवळ आलं की तोच माणूस "जी सर" म्हणायला लागतो. सगळेच नाही, पण पुष्कळ. फौजेच्या ट्रेनिंग सेंटरला असताना हे जवळून बघितलंय, म्हणून लिहिलं.

राइट सीट, टिळकवाडी

मी याच धंद्यात आहे, कंपनीचं नाव विचारू नका. सुभेदारकाकांनी दुखरी नस बरोबर पकडली.

गुणवत्ता बघा म्हणणं सोपं आहे. मोजायची कशानं? सहा महिन्यांनी सिम्युलेटर चेक असतो. कधी पहाटे तीनचा स्लॉट. टेक-ऑफलाच एक इंजिन बंद पाडतात, मग एका इंजिनवर गो-अराउंड (उतरता उतरता पुन्हा वर चढणं), मध्येच धूर. घामाघूम होऊन बाहेर आलं की खरा निकाल एवढाच, पास की परत. पास झालेल्या चारशे जणांत पहिला कोण आणि दोनशेवा कोण, हे त्यातून कळत नाही. कळावं म्हणून ती परीक्षा नाहीच.

मग कंपनी काय मोजणार? जे मोजता येतं ते. इंधन किती वाचवलं, वेळेवर किती पोचला, किती वेळा विमान दुसरीकडे वळवलं. जुलैत सांबऱ्यावर, आपल्या बेळगावच्या विमानतळावर, ढग खाली उतरलेत, धावपट्टी दिसत नाही. एक जण परत फिरतो, दुसरा अजून थोडं खाली जाऊन बघतो. दहातल्या नऊ वेळा दुसऱ्याचं जमून जातं, आणि आकड्यांत तोच हुशार दिसतो. अशा माणसाला आधी कॅप्टन करायचं?

1919 मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं धुक्यात उडायला नकार दिला म्हणून दोन पायलट काढून टाकले होते. बाकीच्यांनी संप केला. पायलटांच्या संघटना एवढ्या हट्टी का झाल्या त्याचं मूळ असल्या प्रसंगांत आहे. तारखेवर बढती असली की "आज नाही उडवणार" म्हणायला छाती लागत नाही.

अनगोळकर

वा! म्हणजे ज्येष्ठता ही सुरक्षेची हमी. मग टेनेरिफचं काय? 27 मार्च 1977, दोन जम्बो (747) धावपट्टीवर धडकले, 583 माणसं गेली. त्यातल्या केएलएम कंपनीच्या विमानाचा कॅप्टन कंपनीतला ज्येष्ठांतला ज्येष्ठ. फ्लाइट इंजिनिअरनं विचारलं की समोरचं पॅन अॅम कंपनीचं विमान धावपट्टीवरून गेलं ना? कॅप्टननं उडवून लावलं, पुढं कुणी बोललं नाही. आपल्या मंगळूरला 22 मे 2010 ला 158 माणसं गेली. तिथंही को-पायलट गो-अराउंड म्हणत होता. ज्येष्ठाचा दरारा असाच मारतो.

राइट सीट, टिळकवाडी

दादा, टेनेरिफचा कॅप्टन नुसता जुना नव्हता. कंपनीच्या 747 ट्रेनिंगचा मुख्य होता. जाहिरातीत फोटो होता त्याचा. तुमच्या हिशेबानं गुणवत्तेत पहिला. आणि शेजारच्या को-पायलटला 747 वर पास केलं होतं ते त्यानंच. आता सांगा, ज्याच्या सहीवर आपण पास झालो त्याला टोकायचं कसं? बढतीच कॅप्टनांच्या शेऱ्यावर ठेवली तर प्रत्येक कॉकपिटमध्ये हीच जोडी बसवल्यासारखं होईल.

मंगळूरचा कॅप्टन परदेशी होता. तो कुठल्या रांगेतून वर चढलेला नव्हता. दरारा खांद्यावरच्या कॅप्टनच्या चार पट्ट्यांचा असतो, त्या तारखेनं मिळाल्या काय आणि गुणांनी मिळाल्या काय.

शहापूरचा पोरगा

तुम्ही दोघंपण एक सोडून बोलताय की हो. ही तारीख येती कुठनं? सीपीएलला (धंद्यात उडवायच्या लायसन्सला) 200 तास लागतात, खर्च पन्नास लाखांच्या पुढं, वर टाइप रेटिंग, म्हणजे एकेका जातीच्या विमानाचं ट्रेनिंग, वेगळं. ज्याच्या बापानं बारावी झाल्या झाल्या पैसे भरले तो एकविसाव्या वर्षी आत. आमच्यासारखा गुंठे विकायला गिऱ्हाईक शोधतोय, बँकेत जामीनदार शोधतोय, तोवर पाच वर्षं गेली. हात सारखाच असला तरी आयुष्यभर तो पुढं आणि मी मागं. पुढं कंपनी थांबली, भरती बंद झाली, तर अजून मागं.

सांबऱ्यातच आता फ्लाइंग ट्रेनिंग सुरू झालंय, रोज डोक्यावरनं शिकाऊ विमानं जातात, चांगलंच आहे. पण रांग पैशानं लागत असली तर तिला न्याय म्हणू नका. आणि अमेरिकेत एकाच दिवशी लागलेल्यांचा क्रम काही ठिकाणी ओळख क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यांवरनं लावतात म्हणे. लॉटरीच की ही!

खानापूरच्या बाई

शहापूरच्या पोराचं पटलं, फक्त लॉटरीत निदान वशिला नसतो रे बाळा. शाळेच्या सेवाज्येष्ठता यादीवरून कोर्टात गेलेले लोक माझ्या ओळखीत आहेत, म्हणून यादीचं मला कौतुक नाही. तरी यादीशिवाय काय होतं तेही ठाऊक आहे.

माझा आक्षेप वेगळा. दोन कंपन्या एक झाल्या की ही यादी भाऊबंदकीपेक्षा वाईट भांडण लावते. 2007 ला एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र केल्या, आणि ड्रीमलायनर या नव्या विमानाचं ट्रेनिंग आधी कुणाला यावरून 2012 मध्ये 58 दिवस संप चालला. अमेरिकेत यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्टचं 2005 ला लग्न लागलं. एक बाजू म्हणे नोकरीची वर्षं मोजा, दुसरी म्हणे यादीतली जागा मोजा. 2007 ला लवादाचा निकाल लागला, तर हरलेल्यांनी जुनी युनियनच बाजूला सारून नवी काढली.

आणि कंपनी बुडली तर? 17 एप्रिल 2019 ला जेट एअरवेजचं शेवटचं विमान उतरलं, त्या दिवशी पहिल्या नंबराची आणि शेवटच्या नंबराची किंमत एकच झाली. उलट चांगली नोकरी दिसली म्हणून जाऊ म्हटलं, तर डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकानं, 2017 मध्ये कमांडरची (कॅप्टनची) नोकरी सोडायची नोटीस वर्षभराची करून ठेवली. बाहेर जाता येत नाही, आत सरकता येत नाही.

अनगोळकर

बाई, हेच तर म्हणतोय मी! वर आपल्याकडे बाहेरून थेट कॅप्टन घेतातच की. तेव्हा रांग कुठं जाते?

राइट सीट, टिळकवाडी

थेट कॅप्टन घेतात ते गुणवत्तेसाठी नव्हे, गरजेपोटी. नवी विमानं दारात उभी, आतल्यांचे तास भरलेले नाहीत, मग बाहेरून आणतात. आतला सहा वर्षं थांबलेला फर्स्ट ऑफिसर तेव्हा शिव्या घालतो, मीपण घातल्यात. तिथं तारीखही हरते आणि हातही.

अनगोळकर

बरं, रांग ठेवा. पण कमांड ट्रेनिंगमधून परत आलेला पुन्हा पहिल्याच जागी का? त्याला त्या वर्षीच्या यादीच्या तळाला टाका. एवढं तरी मान्य आहे का?

राइट सीट, टिळकवाडी

मान्य. पण तपासणारा दुसऱ्या बेसचा, म्हणजे दुसऱ्या शहरातल्या तळावरचा, हवा. रोज सोबत उडणाऱ्यानं नापास करायचं आणि नंबर घसरायचा, तर मग ते साहेबाचं रिपोर्टच झालं.

कंग्राळीचे सुभेदार (निवृत्त)

दुसऱ्या बेसच्यालापण फोन जातो, बाळ.