मदत हवी आहे: जीआय बिलवर शिकणारे माजी सैनिक आणि कॅम्पसवरचं समुपदेशन

अमेरिकेतल्या कॉलेजांत काम करणाऱ्यांसाठी प्रश्न. 2022 च्या स्ट्राँग व्हेटरन्स कायद्याने जीआय बिलवर (माजी सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च देणारी सरकारी योजना) शिकणाऱ्यांनाही व्हेट सेंटरचं (माजी सैनिकांसाठीचं सरकारी समुपदेशन केंद्र) मोफत समुपदेशन खुलं झालं. पण सेंटर कॅम्पसबाहेर, अपॉइंटमेंट नेमकी लेक्चरच्या वेळेत. त्यापायी कुणी विषय सोडला की खरी गोची! रेट ऑफ परस्यूट (पूर्णवेळ अभ्यासक्रमाच्या तुलनेत घेतलेल्या क्रेडिटचं प्रमाण) 50 टक्क्यांच्या वर नसेल तर जीआय बिलचा घरभत्ता बंद, शिवाय दिलेल्या पैशांची वसुली. पहिल्या वेळी 6 क्रेडिटपर्यंत सूट मिळते, पुढे सबळ कारणाचे कागद लागतात.

सेंटरचा समुपदेशक आठवड्यातून एकदा कॅम्पसवर बसवायचा करार कुणी केलाय का? खोली कोणत्या विभागाची घेतली? नोंदी सेंटरकडेच राहाव्यात, कॉलेजच्या सॉफ्टवेअरमध्ये नकोत, असं कलम हवंय. मसुदा असल्यास कृपया पाठवा.