टेक्सासचा उपाय इकडे नको

शेतात घुसणाऱ्या रानडुकरांवर उपाय म्हणून, अमेरिकेतल्या टेक्सासात हेलिकॉप्टरमधून डुकरं मारतात तसंच इकडे करा, असं कुणीतरी सुचवलंय. तिथे २०११ पासून ती मुभा आहे, तरी डुकरं संपलेली नाहीत. एकदोन मारली की बाकीचा कळप पांगून शेजारच्या शेतात शिरतो. अख्खा कळप एकदम पिंजऱ्यात धरला तर फरक पडतो.

शिवाय टेक्सासातली डुकरं म्हणजे मुख्यतः बाहेरून आणलेल्या पाळीव डुकरांची रानटी झालेली पिलावळ. इंदूरजवळ सिमरोलला आमच्या मामांच्या शेतात येतात ती इथलीच रानडुकरं, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखालची. परवानगीशिवाय मारणं गुन्हाच. मामांचा बटाटा एका रात्रीत नांगर फिरवल्यासारखा उकरला होता. खाल्ला थोडा, तुडवला फार! मामी बांधावर बसून रडल्या.

तरी कुंपणात वीज सोडू नका, हात जोडून सांगते. त्यात माणसंही मरतात. नुकसानीचे फोटो काढा आणि लगेच पंचनामा मागा.