आधी बघा, गिझरची टाकी गळतेय की कॉइल गेलीये

आठ वर्षं झाली की गिझर सरळ बदला, रिपेअरिंगला पैसे घालू नका असं सांगितलं जातं, ते मला अर्धंच पटतं. टाकीच गळत असेल तर हो, बदलाच, आतून काचेचा थर असलेली टाकी वेल्डिंग करून टिकत नाही. पण पाणी कोमट येतंय किंवा तापायला वेळ लागतोय एवढंच असेल तर बहुतेक वेळा कॉइल (पाणी तापवणारा भाग) नाहीतर थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला कॉइल चालू-बंद करणारा भाग) गेलेला असतो, दोन्ही बदलता येतात.

आमच्याकडे पुण्यात बोअरचं नि टँकरचं पाणी, गिझर उघडला तर कॉइलवर बोटभर जाड पांढरा क्षार, आणि शेजारचा मॅग्नेशियमचा रॉड झिजून नुसती तार उरलेली. हा रॉड टाकीऐवजी स्वतः गंजतो, तो संपला की गंज टाकीला लागतो, आणि सर्व्हिसवाल्यांनी इतक्या वर्षांत एकदाही तो काढून बघितला नव्हता याचा खरंच राग आला. कॉइल नि रॉड दोन्ही नवीन टाकले, तोच गिझर अजून चालू आहे. आणि हो, तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून (टाकीतला जास्तीचा दाब सोडणाऱ्या झडपेतून) थोडं पाणी ठिबकलं तर लगेच टाकी गेली समजू नका, पाणी तापून फुगतं म्हणून ते येतं.