जुन्या मारुतीला बाजारातला हब बसवावा का?

डिचोलीकर: मारुती ८०० बंद झाली २०१४ साली, पण गोव्यात साखळी, वाळपई, सांगे भागात ती अजून भरपूर धावते. पुढच्या चाकाचा घूं घूं आवाज सुरू झाला की मिळेल त्या कंपनीचा हब (चाक ज्यावर बोल्टांनी बसतं तो फिरता भाग) आणायचा आणि जुन्या स्टीअरिंग नकलमध्ये (बेअरिंग आणि हब धरणाऱ्या, चाकासोबत वळणाऱ्या भागात) ठोकायचा, ही पद्धत बंद व्हायला हवी. हब नवा, पण नकल वीस-पंचवीस वर्षांचं. बेअरिंग एकदा नकलच्या आत फिरलं की बोअर, म्हणजे बेअरिंग बसतं ते भोक, मोठा होतो. मग हब कितीही चांगला घाला, प्ले (चाकाची ढिलाई) परत येतोच. मेस्त्री बोअरला पंचाने ठिपके मारून बेअरिंग घट्ट करतात. बेअरिंगला सगळीकडून आधार लागतो, ठिपक्यांच्या टोकांवर ते टिकत नाही. बोअर मोजल्याशिवाय हब घेऊच नये.

फोंड्याची_८००: बाब, बोअर गेज इथल्या किती गॅरेजांत आहे? कंपनीचा हब मागितला तर काउंटरवर ‘ऑर्डर टाकतो’ म्हणतात, आणि गाडी दारात उभी राहते. बाजारातला, म्हणजे इतर कंपनीच्या नावाचा, हब टाकाऊच, हे मला अजिबात मान्य नाही. गाडीच्या कंपनीला माल पुरवणारे कित्येक कारखाने स्वतःच्या नावानेही सुटे भाग विकतात. खरा घात होतो तो बसवताना. नकलमध्ये बेअरिंग घालताना प्रेसचा जोर त्याच्या बाहेरच्या रेसवर (कड्यावर) यायला हवा. आतल्या रेसवर दिला की गोळ्यांचे डाग उमटतात, आवाज पहिल्याच दिवशी.

म्हापशाचा_लेथवाला: दोघंही हबच्या दांड्याबद्दल बोलत नाही आहात. दांडा बेअरिंगच्या आतल्या रेसपेक्षा केसभर मोठा असावा लागतो. दोन-तीन शतांश मिलिमीटर कमी भरला तर हाताने सरकत जातो आणि गिऱ्हाईक खूश होतं, ‘काय सुरेख बसला!’ नेमका तोच हब परत करावा. रेस दांड्यावर फिरते, तापते, दांडा झिजतो. दुकानातच मायक्रोमीटर लावा. हबचं तोंड वाकडं असेल तर डिस्क डोलते, ब्रेक मारताना पेडल थरथरतं. मोठ्या झालेल्या बोअरमध्ये स्लीव्ह घालायचं काम माझ्याकडे येतं, मी ते घेत नाही. मध्य जरा सरकला तरी चाक तिरकं. नकलच बदला.

चोर्लाघाट: त्यापेक्षा भंगारातला मूळ हब बरा. आणि हब बदलतोच आहोत तर स्विफ्टची अलॉय चाकं बसतील असा का नको?

डिचोलीकर: भंगारातली गाडी कळंगुटच्या खाऱ्या वाऱ्यात उभी होती की नाही, कोण सांगणार? गंजलेल्या स्प्लाइनवर (ॲक्सल अडकतो त्या हबमधल्या खाचांवर) माझा भरवसा नाही. अलॉयचं तर विसराच. ८०० च्या चार बोल्टांचं वर्तुळ ११४.३ मिलिमीटर, स्विफ्टचं १००. नवी भोकं पाडलेल्या हबवर चोर्ला घाट उतरू नका. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, कंपनीच्या मूळ नोंदीविरुद्ध बदल चालत नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलंय.

फोंड्यात गेज नसेल तर नकल काढून म्हापशाला न्या. ॲक्सल नट, कॅलिपर, टाय रॉड, बॉल जॉइंट, स्ट्रटचे बोल्ट, एवढंच सुटतं.

फोंड्याची_८००: नेईन, मोजायला माझी हरकत नाही. पण बोअर आणि दांडा दोन्ही मापात असताना केवळ डब्यावर गाडीच्या कंपनीचं नाव नाही म्हणून हब परत करणार नाही.