मदत हवी आहे : पप्पांचा कॉम्प्युटर एक्सटी होता की एटी?

नमस्कार मंडळी, पप्पा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते, तिथला १९८९ चा असेंबल्ड कॉम्प्युटर आता आमच्या माळ्यावर आहे. (एक्सटी आणि एटी ही आयबीएमच्या जुन्या पीसींची मॉडेलं, एटी नंतरचं; असेंबल्ड कॉम्प्युटर त्यांच्याच धर्तीवर बनायचे.) हार्डडिस्क २० एमबी होती म्हणतात, म्हणजे मला एटी वाटला कारण आयबीएमच्या १९८३ च्या एक्सटीला १० एमबीच होती, पण रोज सकाळी तारीख-वेळ हातानं टाकायला लागायची असंही सांगतात आणि हे तर एक्सटीचं लक्षण, एटीत घड्याळाला बॅटरी असायची ना. इतकी वर्षं बंद, म्हणून लगेच करंट द्यायला नको वाटतं. नुसतं झाकण काढून आतला प्रोसेसर ८०८८ (एक्सटीचा) आहे की ८०२८६ (एटीचा) कसं ओळखू? कार्ड खोचायच्या स्लॉटच्या लांबीवरून कळेल का? पप्पा ८१ वर्षांचे आहेत, रोज विचारतात, प्लीज कुणीतरी सांगा.