कूलंट ऑइलमध्ये उतरतंय. इनटेक गॅस्केट घरी बदललंय का कुणी?

प्रश्न
नमस्कार मंडळी. मी ओहायोत असतो. गाडी २००३ ची, ३.४ लिटर व्ही-सिक्स. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) सारखं कमी होतंय, पण जमिनीवर एक थेंब नाही. काल ऑइलचं झाकण उघडलं तर आतून दुधाळ चहाच्या रंगाचा थर. डिपस्टिकवरही तेच. गॅरेजवाला न तपासताच हेड गॅस्केट (सिलिंडर हेड आणि ब्लॉकमधलं सील) गेलंय म्हणाला आणि गाडीच्या किमतीपेक्षा मोठा आकडा सांगितला. काय करू? तोवर कामावर नेली तर चालेल?

उत्तर १
थंडीत जवळच्या फेऱ्या मारल्या की नुसत्या वाफेनेही झाकणाखाली असा थर धरतो. पण डिपस्टिकवर आलाय आणि कूलंटही घटतंय म्हणजे ते नव्हे.

उत्तर २
गाडी अजिबात सुरू करू नकोस. कूलंटमधलं ग्लायकोल मिसळलेलं ऑइल बेअरिंग खातं, आणि बेअरिंग गेली की इंजिनच गेलं.

पार्ट्सच्या दुकानात अनामत ठेवून प्रेशर टेस्टर मिळतो. थंड इंजिनवर कूलंटच्या बाजूला १५ पीएसआय दाब भर. काटा उतरला म्हणजे गळती आहे, पण कुठली ते कळणार नाही. त्यासाठी ब्लॉक टेस्टर, म्हणजे कूलंटमध्ये जळका वायू शिरतोय का ते दाखवणारं साधन: निळं द्रव पिवळं झालं तर हेड गॅस्केट, निळंच राहिलं तर माझा संशय खालच्या इनटेक गॅस्केटवर. या इंजिनात त्याची मूळ चौकट प्लॅस्टिकची असते, ती कूलंटच्या भोकांपाशी फुटते आणि कूलंट सरळ व्हॅलीत (सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या खाचेत) आणि तिथून ऑइलमध्ये उतरतं. बदलताना धातूच्या चौकटीचंच घे.

इनटेक मॅनिफोल्ड (त्या गॅस्केटवर बसलेला, इंजिनात हवा नेणारा भाग) उचलण्याआधी रेडिएटर रिकामा कर. तरी थोडं कूलंट व्हॅलीत सांडतंच, म्हणून ऑइल सगळं जोडून झाल्यावर काढ. जुनं गॅस्केट प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवड. ड्रिलला घासणी लावून साफ करण्याचा मोह होईल, तो टाळ. तिची पूड ऑइलमध्ये जाते आणि बेअरिंगला सँडपेपरसारखी घासते. ब्लॉकच्या पुढच्या-मागच्या कडांवर आरटीव्ही सीलंट (फट बुजवणारं सिलिकॉन) लाव. मॅनिफोल्डचे बोल्ट आवळताना उभे आधी, तिरके नंतर. उलटं केलंस तर नवं गॅस्केटही गळेल. उभ्यांचा शेवटचा टॉर्क (आवळण्याचा जोर) ११५ इंच-पाउंड, म्हणजे जेमतेम १३ न्यूटन-मीटर. फूट-पाउंडाचा मोठा पाना तिथे लावूच नकोस. तिरक्यांचा आकडा तुझ्या वर्षाच्या मॅन्युअलमध्ये बघ.

प्रश्नकर्ता
दादा, द्रव निळंच राहिलं! मॅनिफोल्ड निघालंय. पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) सगळे सारखेच दिसतात, कुठलाही कुठेही चालेल का? आणि ऑइलची घाण रॉकेल घालून धुऊ का?

उत्तर २
सारखे नाहीत, शेजारी उभे करून बघ. इनटेक व्हॉल्व्हचे पावणेसहा इंच, एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे सहा. अदलाबदल झाली तर रॉड वाकतात. पुठ्ठ्याला भोकं पाडून ज्याचा त्याच्या जागी खोचून ठेव.

रॉकेल नको. सगळं जोडलंस की गाडी रात्रभर उभी ठेव. कूलंट जड, ते तळाशी बसतं आणि सकाळी ड्रेन बोल्ट सैल करताच आधी तेच बाहेर येतं. मग स्वस्तातलं ऑइल, नवा फिल्टर, कूलंट भरून हवा काढ आणि इंजिन गरम होईपर्यंत आयडलवर चालव. तेही काढ. दुधाळ दिसलं तर पुन्हा एकदा तसंच, स्वच्छ आलं की चांगलं ऑइल आणि आणखी एक फिल्टर.

काढलेलं कूलंट उघडं ठेवू नकोस. ते गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. पाचशे मैलांनी ऑइलचा नमुना लॅबला पाठव. सोडियम-पोटॅशियम (ऑइलमध्ये कूलंट उतरल्याची खूण) वाढलेलं दिसलं तर रिपोर्ट इथे टाक, बघू.